कागद मिळाला, सभा हरवली

महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी कार्यालयांच्या संकेतस्थळावर ‘माहितीचा अधिकार’ नावाचे एक पान असते. त्यावर सतरा बाबींची माहिती द्यावी लागते: कार्यालयाची रचना, कर्मचाऱ्यांची कर्तव्ये, वेतन, अंदाजपत्रक वगैरे. ही माहिती कुणी मागण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध करा, असे २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ब) सांगते. या सतरा बाबींतली आठवी बाब कार्यालयाच्या समित्या आणि मंडळे यांची आहे. तिच्या ठरावीक तक्त्यात समितीचे नाव, सदस्य, उद्दिष्ट आणि बैठक किती वेळा होते हे रकाने असतात. पुढचा रकाना असतो ‘सभा जनसामान्यांसाठी खुली आहे किंवा नाही’ आणि त्याच्यापुढे ‘सभेचा कार्यवृत्तान्त उपलब्ध आहे काय’. आधीचे रकाने नीटनेटके भरलेले सापडतात. शेवटच्या दोन रकान्यांशी आले की ‘नाही’, नाहीतर ‘निरंक’. बैठका खुल्या आहेत का, हे कायद्याने विचारले आणि कार्यालयांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर दिले. त्या ‘नाही’चे कारण मात्र कुणी विचारले नाही. माहितीच्या अधिकाराविषयी आपल्याकडे वीस वर्षे जो वाद चालू आहे तो जवळपास सगळा कागदाविषयीचा आहे: अर्ज, मुदत, अपील, दंड. निर्णय जिथे होतो त्या बैठकीविषयी आपण फारसे बोललेलोच नाही. कागद पाहण्याचा आणि सभेत बसण्याचा असे हे दोन वेगळे अधिकार नाहीत. तो एकच अधिकार आहे, आणि त्याचे दोन तुकडे केल्यामुळे दोन्ही लंगडे झाले आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हा अधिकार मुळात उभा राहिला तो सभेतच. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे मजूर म्हणून लागली होती ती माणसे समोरच बसलेली होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्या कामावर पाऊलही ठेवलेले नव्हते. ते कागद एखाद्या तपासनिसाने कार्यालयात बसून वाचले असते तर त्याला हिशेब जुळलेलाच दिसला असता. खोटेपणा उघडा पडला तो कागद आणि माणसे एका जागी आल्यामुळे. त्यानंतर एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले आणि ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देशभर गेली. इकडे महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे २००० साली एक कायदा झाला. तो फारच तोकडा निघाल्यावर २००२ मध्ये दुसरा आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. या प्रवासात मिळालेले यश मोठे आहे, पण त्यात एक बदल नकळत झाला. जनसुनवाईत कागद गावाचा होता. कायद्यात तो अर्जदाराचा झाला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र ‘अ’ भरणाऱ्या एकट्या माणसाच्या नावे, बंद पाकिटात, पानाला दोन रुपये दराने तो येऊ लागला.

एकट्याच्या या वाटेवर काय होते ते आता सर्वांना माहीत आहे. माहिती तीस दिवसांत द्यायची असते. न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे प्रथम अपील, आणि तेही फसले तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगासमोर प्रलंबित प्रकरणांत महाराष्ट्र देशात सर्वांत पुढे असल्याचे सतर्क नागरिक संगठनच्या वार्षिक अहवालांत दिसले आहे. अलीकडच्या वर्षांत हा आकडा एक लाखाच्या आसपास राहिला. आयुक्तांची पदे वेळेवर भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावले, तरी ती रिकामी ठेवण्याची सवय गेली नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. महाराष्ट्राने तर २०१२ मध्येच नियम करून अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा असे ठरवले होते. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण अपील दोन-तीन वर्षांनी सुनावणीला येते तोवर अधिकारी बदलून गेलेला असतो आणि रस्ता, नाला किंवा इमारत बांधून झालेली असते. हातात आलेला कागद खरा असतो, पण तो भूतकाळाचा असतो. ज्या दिवशी त्याचा उपयोग होता त्या दिवशी तो समितीच्या टेबलावर होता आणि त्या खोलीत नागरिकाला बसायला खुर्ची नव्हती.

कागदाचा अधिकार शाबूत आणि सभा मात्र नाही, अशी स्थिती आली तर काय होते, याचा पडताळा महाराष्ट्राच्या शहरांनी नुकताच घेतला आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पाठोपाठ पुण्याची. नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरची तर त्याआधी २०२० मध्येच संपली होती. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालत राहिले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प आयुक्तांच्या यंत्रणेने तयार केला आणि आयुक्तांनीच प्रशासक म्हणून त्याला मान्यता दिली. या सर्व वर्षांत माहितीचा अधिकार पूर्णपणे लागू होता. प्रत्येक निविदेची, प्रत्येक देयकाची प्रत मागता येत होती. मग शहराचे नेमके काय गेले? निर्णयाआधी विचारलेला प्रश्न गेला. नगरसेवकाने मांडलेला हरकतीचा मुद्दा, तहकुबीची सूचना, ‘हा प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवा’ असा आग्रह आणि त्यावर अधिकाऱ्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागलेले उत्तर, हे काहीच घडत नव्हते, म्हणून त्याची नोंदही होत नव्हती. जी नोंदच निर्माण झाली नाही ती कुठल्या अर्जाने मागणार? सभागृहात गोंधळ व्हायचा, कंत्राटे तिथेही संगनमताने मंजूर व्हायची, हे खरेच आहे. पण संगनमताला तिथे निदान सूचक लागत होता, अनुमोदक लागत होता, आणि कुणी विरोध केला हे इतिवृत्तात उरत होते.

गंमत अशी की सभेच्या खुलेपणाची कल्पना आपल्याकडे माहितीच्या अधिकारापेक्षा कितीतरी जुनी आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने पालिकेची सभा लोकांसाठी खुली ठेवली. ती बंद दाराआड घ्यायची तर सदस्यांनी बहुमताने तसे ठरवावे लागते. इतिवृत्ताचे पुस्तक बाहेरच्या माणसालाही थोडी फी भरून पाहता येईल, अशीही सोय केलेली होती. परक्या सरकारच्या काळातल्या कायद्याने जे दिले ते स्वराज्यात वाढायला हवे होते. वाढली ती समित्यांची संख्या. खरे निर्णय सभागृहातून निघून समित्यांत गेले. कंत्राटे मंजूर करणारी स्थायी समिती, जिल्ह्याचा निधी कुठल्या तालुक्याला किती हे ठरवणारी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती, रुग्णालयाच्या पैशाचा विनियोग करणारी रुग्ण कल्याण समिती, अशा ठिकाणी सामान्य नागरिकाला सहसा प्रवेश नसतो. आणि जिथे सभा खुली आहे तिथे पळवाट विषयपत्रिकेत असते. पत्रिकेच्या शेवटी एक ओळ छापलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. ज्या विषयावर चर्चा व्हायला नको असते तो या दारातून आत येतो आणि ‘सर्वानुमते मंजूर’ होऊन बाहेर पडतो. पत्रिका आधी मिळाली, तरी जो विषय तिच्यात नाहीच त्याची तयारी करून कोण येणार?

गावपातळीवर कायदा याहून उदार आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने गावातल्या प्रत्येक मतदाराला तिचे सदस्य केले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता सवयीच्या झाल्या आहेत. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेची पुढची तारीख लागते, मोजकी डोकी जमतात आणि प्रोसिडिंग बुकात ठराव उतरतो. सह्या नंतर घरोघरी फिरूनही गोळा होतात, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणाला नवे नाही. ग्रामपंचायतीचे एक ते तेहतीस नमुने असतात. जमाखर्च, मागणी, वसुली, साठा, मालमत्ता असे सगळे त्यांत नोंदलेले असते. पण ग्रामसभेत ते किती गावांत वाचले जातात? सभा भरते तेव्हा कागद कपाटात असतो आणि कागद बाहेर येतो तेव्हा सभा संपलेली असते. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर शहरांत तर एवढेही झाले नाही. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या अटींमुळे महाराष्ट्राने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून क्षेत्रसभांची तरतूद केली. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची ही सभा शहरातली ग्रामसभा ठरली असती. ती तरतूद कायद्यात आहे. आपल्या क्षेत्रसभेला जाऊन आलेला मुंबईकर किंवा पुणेकर मात्र शोधावा लागेल.

सभा आणि कागद एकत्र आले तर काय घडते हे पाहायला गडचिरोलीत जावे लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ झाला. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. तुलनेने कमी बोलले जाते ते तिथल्या पद्धतीबद्दल. गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. त्यात कायदा, सरकारी आदेश, नकाशे आणि हिशेब वाचले जातात, समजून घेतले जातात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारले जातात. तिथे निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय ग्रामसभेत होतो, पण तोवर कागद सगळ्यांच्या डोक्यात उतरलेला असतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. मग बांबूच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न आला. वनखाते अडून बसले तेव्हा गावाने कायद्याच्या कलमावर बोट ठेवले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. ‘लोकांना अशा सभांत रस नसतो’ असे म्हणणाऱ्यांनी या गावाचा विचार करावा. ज्या सभेत काही ठरतच नाही तिथे लोक फिरकत नाहीत, आणि ते शहाणपणाचेच आहे. ठरणार असेल तर ते येतात.

कागद खुला व्हायचा तर आधी तो जागेवर असायला हवा. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा दुबळी नाही. पुण्याचे पेशवे दप्तर हे जगातल्या मोठ्या कागदसंग्रहांपैकी एक आहे. इंग्रजांनी ते सांभाळले, त्यासाठी इमारत बांधली, आणि एतद्देशीय अभ्यासकांना दीर्घकाळ त्याच्या बाहेरच ठेवले. राजवाड्यांसारखा संशोधक घरोघरची दप्तरे धुंडाळत गावोगाव हिंडला, त्याची पार्श्वभूमी हीसुद्धा होती. अखेर १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. कागद नीट जपणे म्हणजे तो लोकांचा असणे नव्हे, हा धडा त्या इमारतीने दिला. नंतर उलटा धडाही मिळाला. अभिलेखांची वर्गवारी आजही प्रत्येक कारकुनाला पाठ असते: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्षाचा. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. १९८० च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी हीच शिस्त इतकी काटेकोर बसवली की त्या कार्यपद्धतीला ‘लखीना पॅटर्न’ हे नावच पडले. आणि तरीही मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीचे प्रकरण निघाले तेव्हा मंत्रालयातल्या फायलीतली पाने गहाळ निघाली. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे गेली आणि फायलींचे मजलेच्या मजले जळाले. सार्वजनिक अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद राज्याच्या २००५ च्या अभिलेख कायद्यात आहे. पण ‘सदर नस्ती आढळून येत नाही’ या एका वाक्यावर आजही अर्ज निकाली निघतात. हरवलेली फाईल ही अपघाताची बाब समजली जाते, गुन्ह्याची नाही. जो कागद चार लोकांनी पाहिलेला असतो, सभेत वाचलेला असतो, संकेतस्थळावर चढलेला असतो, तो हरवणे अवघड जाते. खुलेपणा हा कागदाचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आपणहून खुले केले की काय होते, याचे घरातले उदाहरण सातबारा आहे. एकेकाळी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हेलपाटे घालावे लागत. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शुल्क अवघे पंधरा रुपये. नुसता पाहायचा असेल तर फुकट. आज सातबारा मिळावा म्हणून कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज करत नाही. शासन निर्णयांचेही तसेच. संकेतांक घातला की निर्णय समोर येतो. मात्र तो निर्णय बारकाईने वाचला तर खुलेपणाची सीमाही तिथेच दिसते. सुरुवातीला ‘वाचा’ म्हणून एक यादी असते. अमुक समितीच्या अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त, तमुक विभागाचे पत्र, संचालनालयाचा प्रस्ताव. निर्णय ज्यांच्या आधारे घेतला ते हे कागद. आपल्याला ‘वाचा’ असे सांगितले जाते, पण यातले बरेचसे वाचायला संकेतस्थळावर नसतात. काय ठरले ते कळते. का ठरले, कुणाचा आक्षेप होता, दुसरा पर्याय का नाकारला हे कळत नाही. महत्त्वाची धोरणे ठरवताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करा आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्या, असेही कलम चार सांगतेच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो गंभीर आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होईल, हे दाखवावे लागे; आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशी कसोटीही होती. नव्या शब्दरचनेत ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देता येईल, ही कलम ८(२) ची वाट आहे, पण ती चोखाळायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. सरकारी कागदावर कुणाचे ना कुणाचे नाव असतेच. हजेरीपत्रकावर असते, लाभार्थी यादीवर असते, मंजुरीच्या टिपणीखाली असते. कोट किरानात वाचले गेलेले कागद म्हणजे नावांचीच तर यादी होती! शिवाय खाजगीपणाची ही काळजी सर्वांना सारखी लागू नाही. शेतकऱ्याच्या जमिनीचे क्षेत्र, हिस्से, सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर अख्ख्या जगाला दिसतो आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. सार्वजनिक पैशातून पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मालमत्तेचा आणि त्याच्यावरील चौकशीचा तपशील मात्र वैयक्तिक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाने ही वाट आधीच प्रशस्त केली होती. खाजगीपणा दुबळ्याचे संरक्षण करण्यासाठी असतो. इथे तो बलवानाच्या दाराला कडी म्हणून लावला जात आहे.

दुसरा आक्षेप असा की सगळे उघड्यावर आले तर अधिकारी मोकळेपणाने मत देणार नाहीत, मंत्री आणि सचिव गुळमुळीत बोलतील. २००६ मध्ये याच कारणावरून फायलींवरच्या टिपण्या कायद्याबाहेर काढण्याचा घाट केंद्र सरकारने घातला होता. ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले, देशभर विरोध झाला आणि तो बेत मागे पडला. त्यानंतर टिपण्या खुल्याच राहिल्या, म्हणून राज्यकारभार काही ठप्प झालेला नाही. उलट नियमावर बोट ठेवून ‘हे करता येणार नाही’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला उघडी टिपणी हेच संरक्षण असते. दबाव तोंडी येतो, नकार लेखी राहतो. काही चर्चा बंद ठेवावी लागते, हे मान्य. निविदा उघडण्याआधीचे अंदाज, एखाद्या पीडितेची ओळख, सुरक्षेच्या बाबी, मंत्रिमंडळाची चर्चा. त्यासाठी कायद्यात अपवाद आहेत, आणि मंत्रिमंडळाच्या निर्णयाची कारणेही विषय संपल्यावर खुली करायची आहेत. अपवाद असावा, पण सभा बंद का ठेवली याचे कारण नोंदवावे, जसे १८८८ चा कायदा बहुमताचा ठराव मागत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची सुनावणी २०२२ पासून थेट दाखवली जाते. न्यायमूर्तींना जे परवडते ते जिल्हा नियोजन समितीला का परवडू नये?

तिसरा आक्षेप कार्यालयांत सर्रास ऐकू येतो: माहितीचा अधिकार हा धंदा झाला आहे, अर्ज करायचा, कागद घ्यायचे आणि बिल्डरकडून किंवा अभियंत्याकडून पैसे उकळायचे. असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सरसकट, अव्यवहार्य मागण्यांविरुद्ध इशारा दिला होता. पण हा धंदा चालतो कशावर? माहिती एकाच्या हातात आहे आणि इतरांना ती ठाऊक नाही, यावर. जी माहिती सभेत वाचली गेली, संकेतस्थळावर चढली, ती विकणार कशी आणि कुणाला? खंडणीचा बाजार दडवणुकीमुळेच भरतो. याच एकटेपणाची दुसरी बाजू रक्ताची आहे. तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहार उघडकीला आणणाऱ्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. एका माणसाला संपवले की माहिती संपेल, असे मारेकऱ्यांना वाटू शकते, कारण माहिती खरोखरच एका माणसाजवळ असते. असे आवाज उठवणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अद्याप अंमलात आलेला नाही. खंडणीखोर आणि हुतात्मा दोघेही एकाच रचनेतून तयार होतात. कागद गावाचा झाला तर दोघांचीही गरज उरणार नाही.

राहिला कामाच्या बोजाचा मुद्दा. अर्जांमुळे कर्मचाऱ्यांचा वेळ जातो ही तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर अर्ज दाबणे हे नाही. एकाच रस्त्याच्या कामाबद्दल दहा जण अर्ज करतात, कारण पहिल्याला दिलेले उत्तर उरलेल्या नऊ जणांना दिसत नाही. अर्ज आणि त्यांची उत्तरे संकेतस्थळावर टाका, अशी सूचना केंद्राच्या कार्मिक विभागाने २०१३ मध्येच दिली आहे. अर्जांची संख्या हे जनतेच्या खोडसाळपणाचे माप नाही. कलम चार किती पाळले गेले नाही याचे ते माप आहे.

तेव्हा मागायला हवे ते नवे कायदे नव्हेत. विषयपत्रिका तिच्या जोडपत्रांसह सात दिवस आधी प्रसिद्ध व्हावी आणि ऐनवेळचा विषय खऱ्या आणीबाणीपुरताच असावा. सार्वजनिक पैशाचे वाटप करणाऱ्या प्रत्येक समितीची बैठक खुली असावी. बंद ठेवायची तर कारणासह ठराव करावा. इतिवृत्त पुढच्या बैठकीआधी संकेतस्थळावर यावे. ग्रामसभेत नमुने वाचल्याशिवाय ठराव होऊ नये, आणि २००९ पासून कायद्यात पडून राहिलेल्या क्षेत्रसभा घ्याव्यात. महापालिकांत पुन्हा लोकनियुक्त सदस्य बसले आहेत. आपली पहिली मागणी त्यांच्याकडेच असायला हवी.

आणि वाचकांनी एक काम स्वतः करावे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालये, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांना दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात अभिलेख नागरिकांच्या पाहणीसाठी खुले ठेवायला सांगितले आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झालेली होती. पाहणी करण्याचा हक्क तर मूळ कायद्याच्या व्याख्येतच आहे. त्या दोन तासांत जा, पण एकटे जाऊ नका. गल्लीतले, सोसायटीतले, वाडीतले चार जण बरोबर घ्या, एकच फाईल मागा, आपल्या रस्त्याची किंवा आपल्या शाळेची, आणि जे वाचाल ते परत येऊन सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.